पीकपेरा कुणी लिहायचा? ई-पीक पाहणीचा प्रकरण अभ्यास

सातबारा हा एकच कागद वाटतो, पण तो दोन नमुन्यांचा जोड आहे. वरचा गाव नमुना 7 सांगतो की जमीन कुणाची. खालचा गाव नमुना 12 सांगतो की त्या जमिनीत यंदा काय पेरलंय. वरच्या अर्ध्यासाठी भावाभावांत डोकी फुटतात, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या तारखा चालतात. खालच्या अर्ध्याकडे मात्र बराच काळ कुणी वळून बघत नव्हतं. बँकेत पीककर्जासाठी उतारा लागला की तेवढ्यापुरतं बघायचं, ऊस लिहिलाय ना, मग झालं.

15 ऑगस्ट 2021 ला महाराष्ट्र शासनाने या खालच्या अर्ध्याची लेखणी दुसऱ्याच्या हाती दिली. तोवर पीकपेरा तलाठी लिहायचा. त्या दिवसापासून राज्यभर तो शेतकऱ्याने स्वतः, स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून, पिकाच्या फोटोसह नोंदवायचा असं ठरलं. टाटा ट्रस्टच्या मदतीने काही तालुक्यांत आधी चाचणी झालेली होती. या योजनेचं नाव ई-पीक पाहणी, आणि घोषवाक्य होतं, ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’.

ही योजना यशस्वी की अयशस्वी, हा वाद पुष्कळ झाला आहे. मला त्यातून दुसरंच काहीतरी शिकायला मिळालं, ते इथे सविस्तर मांडतो. महसूल खात्यासारख्या गुंतागुंतीच्या व्यवस्थेचा अभ्यास करायला गेलं की आपल्या हाती शासन निर्णय येतात, कामाचे तक्ते येतात, आणि मुलाखतीत अधिकारी नियम सांगतात. ते नियम खोटे नसतात. पण कोणता नियम प्रत्यक्षात कशाच्या आधाराने उभा आहे, हे त्यातून कळत नाही. सुताच्या गुंत्यात एक धागा ओढला की कुठली कुठली टोकं हलतात ते दिसतं. नुसतं बघत बसलं तर दिसत नाही. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलीच्या दोन अभ्यासकांनी 1973 मध्येच हे सांगून ठेवलं आहे. नियोजनातल्या अशा प्रश्नांवर केलेला प्रत्येक उपाय माणसांच्या आयुष्यात खुणा सोडतो, पाटी पुसून पुन्हा सुरुवात करता येत नाही, आणि प्रश्न नेमका काय आहे हे उपाय करता करताच उलगडत जातं.

ई-पीक पाहणी हा असा ओढलेला धागा आहे. शासनाने तिला अभ्यास म्हटलं नव्हतं, सेवा म्हटलं होतं. पण 2021 नंतर तिच्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, ज्या सवलती द्याव्या लागल्या, ज्या मुदतवाढी आल्या, त्या ओळीने वाचल्या तर बारा नंबरच्या रकान्याखाली काय काय दडलेलं होतं ते लख्ख दिसतं.

तलाठी लिहायचा तेव्हा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची, आणि तिच्याखालचे अधिकार अभिलेखाचे नियम 1971 चे. त्यांच्याप्रमाणे तलाठ्याने हंगामात उभं पीक असताना, गावाला आधी कळवून, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, गटागटात फिरून पाहणी करायची. एका तलाठ्याच्या सजात दोन-तीन गावं, गट शेकड्यांनी. त्यात निवडणुकीचं काम, पंचनामे, दाखले, वसुली, फेरफार. सगळे गट एका हंगामात चालून बघणं एका माणसाला शक्यच नव्हतं. म्हणून बहुतेक ठिकाणी पाहणी चावडीत बसून व्हायची. कोतवाल आणि गावातला एखादा जाणता माणूस शेजारी, समोर नमुना, आणि गेल्या वर्षीची नोंद.

याला सगळे कामचुकारपणा म्हणतात. त्यात कामचुकारपणा होताच, पण माझ्या मते एवढंच म्हणून थांबणं चूक आहे. त्या चावडीतल्या बैठकीला एक न लिहिलेला नियम होता: कुणाचं अडू नये असं लिहायचं. कोणत्या भावाने कोणता तुकडा कसायला घेतलाय, कुणाची जमीन बटईने दिलेली आहे, कुणाला कारखान्याकडे ऊस दाखवायचाय, हे कोतवालाला माहीत असे. नंतर कुणाला अडचण आली तर तो भाऊसाहेबांकडे, म्हणजे तलाठ्याकडे, जाई आणि नोंद दुरुस्त होई. कधी चहावर, कधी पैशावर. म्हणजे रकाना खरा नव्हता, पण मऊ होता. गावातल्या व्यवहाराचे आणि सरकारी कागदाचे जे धक्के एकमेकांना बसायचे, ते या रकान्यात जिरायचे.

ही मऊ जागा काढून घेतली की धक्के कुठे बसणार, हा प्रश्न ॲप बनवताना कुणाच्या यादीत असेल असं मला वाटत नाही. तो यादीत असायला हवा होता, असं मात्र ठामपणे वाटतं.

एका बांधावर

मराठवाड्यातलं एक गाव, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आदल्या दिवशी पाऊस झालेला. एक आजी आणि तालुक्याला बारावीत शिकणारा तिचा नातू बांधावर उभे. फोन नातवाचा. खातं अजून आजोबांच्या नावावर. ते वारून चार वर्षं झाली, पण वारसाची नोंद राहून गेलेली. ॲपमध्ये गाव निवडलं, खातेदाराचं नाव शोधलं, तर आजोबांचं नाव आलं. नातवाने ते निवडलं आणि चार आकडी संकेतांक त्याच्या फोनवर आला. मरण पावलेला माणूस त्या दिवशी स्वतःचा पीकपेरा स्वतः नोंदवत होता. इतक्या साध्या गोष्टीत वारस नोंदींचा अख्खा अनुशेष उघडा पडला. नमुना 7 मधली ढिलाई नमुना 12 मध्ये येऊन उभी राहिली.

मग एकेक रकाना. गट क्रमांक. एकूण क्षेत्र 1 हेक्टर 20 आर, त्यात पोटखराबा 10 आर, पेरणीसाठी उपलब्ध 1 हेक्टर 10 आर. हंगाम खरीप. पुढचा रकाना पिकाच्या वर्गाचा: निर्भेळ पीक की मिश्र?

नातवाने निर्भेळ हा शब्द मोठ्याने वाचला आणि आजीकडे पाहिलं. शेतात सोयाबीनचे सहा तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, आणि तुरीचे दोन तास, पुन्हा सहा, पुन्हा दोन. आजी म्हणाली, “दोन्ही हायेत की रं. दोन्ही टाक.”

दोन्ही टाकायचं तर दोन्हींचं क्षेत्र वेगळं लिहायला हवं. सहाला दोन या हिशेबाने सोयाबीन साधारण 82 आर आणि तूर 28 आर. हा हिशेब नातवाने केला, बरोबर केला. तेवढ्यात शेजारच्या शेतातला त्याचा काका आला आणि म्हणाला, “येडा झाला का? समदं सोयाबीन टाक. इमा सोयाबीनचा काढलाय.”

मी तिथे होतो आणि काही बोललो नाही. काकाचं म्हणणं अज्ञानातून आलेलं नव्हतं. विमा अर्जात सगळं क्षेत्र सोयाबीनचं घोषित केलेलं होतं. पीक पाहणीत 82 आर लिहिलं तर दोन कागद जुळणार नव्हते, आणि जुळले नाहीत की दाव्याच्या वेळी अडचण. पण सगळं निर्भेळ सोयाबीन लिहिलं तर सातबाऱ्यावर तूर उरणारच नव्हती. तूर निघते डिसेंबर-जानेवारीत. हमीभाव खरेदी केंद्रावर नोंदणीला गेलं की सातबाऱ्यावरचा तुरीचा पेरा मागतात. म्हणजे ऑगस्टमध्ये बांधावर उभं राहून त्या पोराने ठरवायचं होतं की सोयाबीनचा विमा वाचवायचा की तुरीचा हमीभाव. शेतात दोन्ही पिकं होती. कागदावर दोन्ही सुखाने नांदत नव्हती, कारण विमा एका खात्याचा, खरेदी दुसऱ्या खात्याची, रकाना तिसऱ्याचा.

चावडीतल्या जुन्या पद्धतीत हा पेच आलाच नसता. जानेवारीत तुरीला उतारा लागला असता, तर भाऊसाहेबांनी तेव्हा तूर लिहिली असती. ते खोटं ठरलं असतं का? शेतात तर तूर होतीच.

नातवाने दोन्ही लिहिली. फोटो काढताना ॲपने सांगितलं की तुम्ही गटापासून लांब आहात, म्हणून दोघं चिखलातून आत शिरले. आजीने सोयाबीनच्या शेंगा पायाखाली येऊ नयेत म्हणून लुगडं वर खोचलं आणि तुरीच्या तासातून चालली. अपलोडला रेंज नव्हती. ते काम घरी येऊन, पाण्याच्या टाकीवर चढून झालं.

एका रकान्याला किती डबे

या पेचाचं मूळ असं की, 2021 नंतर ज्या ज्या खात्याला शेतकऱ्याने काय पेरलं हे जाणून घ्यायचं होतं, त्या प्रत्येकाने आपला डबा या एकाच रकान्याला जोडला. नोंद आयती, डिजिटल, फोटोसह. तर्क समजण्यासारखा आहे. पण डबे जोडताना इंजिनाची ताकद कुणी तपासली नाही.

2023 चा कांदा बघा. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023 या काळात विकलेल्या लाल कांद्याला शासनाने क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत. अट होती सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतली कांद्याची नोंद असावी. कांदा विकलेला होता, बाजार समितीच्या पट्ट्या हातात होत्या, पण पेरणीच्या वेळी पुष्कळांनी नोंद केलीच नव्हती. ओरड झाली आणि अट सैल करावी लागली. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून गावात खातरजमा करायची असा मार्ग काढला गेला. चावडीतली ती बैठक दोन वर्षांपूर्वी दाराबाहेर काढली होती. ती खिडकीतून परत आली, आणि या वेळी शासनाच्या आदेशाने आली. मला यात प्रशासनाची हार दिसत नाही. व्यवस्था सांगत होती की नोंद चुकली तर ती माणसांनी मिळून दुरुस्त करण्याची जागा मला लागते. ती रचनेतच ठेवा, नाहीतर मी प्रत्येक वेळी आंदोलन होऊन ती मागेन.

2024 मध्ये तेच पुन्हा घडलं, आणखी मोठ्या प्रमाणावर. 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसाला हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर झाली. सुरुवातीला ई-पीक पाहणीत नोंद असलेल्यांनाच. ही नोंद 2023 च्या पावसाळ्यात व्हायची होती, आणि तेव्हा कुणालाही माहीत नव्हतं की पुढच्या वर्षी तिच्यावर पैसे येणार आहेत. नोंद करतानाची तिची किंमत वेगळी, वर्षाने ठरलेली किंमत वेगळी. अशा मागून लावलेल्या अटीचा राग माणसाला नियमापेक्षा जास्त येतो, आणि मला तो योग्य वाटतो. शेवटी ही अटही शिथिल झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांना घेतलं गेलं. सामाईक खात्यांचं दुखणं तरीही राहिलं. एका खात्यावर चार भाऊ असतील तर पैसे कुणाच्या बँक खात्यात जायचे यासाठी बाकीच्यांची संमती हवी, आणि ज्या घरात वाटणीचा वाद आहे तिथे ती सही कोण देणार?

न्यायाने हेही सांगायला हवं की हाच रकाना एका ठिकाणी फार कामाला आला. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. रुपयात विमा म्हटल्यावर न पेरलेल्या पिकांचे, दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनींवरचेही अर्ज आले. पीक पाहणीच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर ही तफावत उघड झाली. 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची योजना थांबली. फोटो, ठिकाण आणि तारीख असलेली नोंद नसती तर ही पडताळणी कशाशी केली असती?

दुरुस्त्या वाचताना

ॲपमध्ये काळाच्या ओघात जे बदल झाले, ते मला तंत्रज्ञानाच्या बातम्यांपेक्षा जबाबासारखे वाटतात. 2022 च्या सुधारित आवृत्तीत नोंद केल्यावर 48 तासांत ती दुरुस्त करायची सोय आली. पहिल्या वर्षी चुकून भलतंच पीक निवडलं तर माणूस अडकत होता. शेतकऱ्याची नोंद स्वयंघोषित म्हणून ग्राह्य धरायची आणि तलाठ्याने 10 टक्के नोंदींची पडताळणी करायची, असं ठरलं. इथे तलाठ्याची भूमिका लेखकाची राहिली नाही, तपासनिसाची झाली. ती बदलताना त्याच्याशी किती बोलणं झालं, याबद्दल मला शंका आहे. गावात अजूनही लोक नोंद चुकली की त्याच्याच दारात जातात. अधिकार गेला, पण दोष त्याच्या नावावर राहिला.

एका सोयीचं मात्र मनापासून कौतुक करतो. ॲपमध्ये ‘गावाचे खातेदारांची पीक पाहणी’ असा पर्याय आहे. त्यात गावातल्या कुणाचीही नोंद झाली की नाही आणि काय झाली, हे कुणीही बघू शकतं. फेरफाराच्या आणि सातबाऱ्याच्या चुका पकडायला महसूल खात्यात चावडी वाचनाची जुनी रीत आहे: सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, म्हणजे खोटं टिकत नाही. ती रीत इथे फोनमध्ये आली आहे. पारावर बसलेली चार माणसं एकमेकांची नावं उघडून बघतात आणि “तुझ्यात ऊस कवा लावला रे?” असं विचारतात. दहा टक्के पडताळणीपेक्षा या प्रश्नाचा धाक मोठा आहे, आणि तो आपल्याच रीतीतून आलेला आहे.

2024 पासून ही पाहणी केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या चौकटीत गेली. फोटो गटाच्या आतूनच घ्यायचा, ही अट कडक झाली. आणि त्याच सुमारास गावोगावी सहायक नेमले गेले: शेतकऱ्याच्या पातळीवरची मुदत संपली की उरलेल्या गटांची नोंद सहायकाने करायची, गटामागे मानधन घेऊन. ‘मीच नोंदवणार’ मधला ‘मी’ इथे बदलला. ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना दिसत नाही, ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांच्यासाठी एक माणूस लागतो, हे कबूल केलं गेलं. कोतवालाची जागा रिकामी राहू शकत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. फरक एवढाच की कोतवालाला गाव माहीत असायचं आणि गटामागे पैसे मिळत नसत. सहायकाला गटामागे पैसे मिळतात, म्हणून तो भराभर चालणार. त्याच्या कामाची घडण वेगळी, तर त्याच्या चुकाही वेगळ्या असणार, आणि त्या शोधायला वेगळी नजर लागेल.

मुदतवाढीही अशाच वाचायच्या. राज्यभर एकच तारीख, पण पेरणी मृगावर झाली की आर्द्रावर, दुबार झाली की नाही, हे गावागणिक वेगळं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांचं पाणी शेतात शिरलं, कित्येक ठिकाणी मातीसकट पीक खरवडून गेलं. ज्यांनी तोवर फोटो काढला नव्हता, त्यांनी कशाचा फोटो काढायचा होता? नसलेल्या पिकाची नोंद करायला रकाना नाही. ॲपमध्ये चालू पड आहे, कायम पड आहे. वाहून गेलं, असा पर्याय नाही.

नाव कुणाचं

आता ज्या गाठीपाशी हा अभ्यास मला घेऊन आला, तिथे येतो.

त्याच गावात एक जण दुसऱ्याची तीन एकर बटईने करतो. मालक पुण्याला नोकरीला. बियाणं-खत निम्मं निम्मं, उत्पन्न निम्मं निम्मं, व्यवहार तोंडी. पीक पाहणीची तारीख जवळ आली तसा मालकाचा फोन आला की तेवढी नोंद करून टाक. हा शेताच्या मधोमध उभा राहिला. मालकाला फोन लावून म्हणाला, “सायब, खाते नंबर सांगा बरं.” तो टाकला, यादीतून मालकाचं नाव निवडलं. संकेतांक याच्या फोनवर आला. फोटो याने काढला. अक्षांश-रेखांश याच्या फोनचे, सोयाबीन याने पेरलेलं, तण याच्या बायकोने काढलेलं. नोंद झाली मालकाच्या नावे. त्या नोंदीवर विमा आला, अनुदान आलं, नुकसानभरपाई आली, तर ती मालकाच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात जाणार. मालक चांगला असेल तर यातलं काही याला देईल. हा मालक चांगला आहे, असं तो स्वतःच मला दोनदा म्हणाला.

मी विचारलं, “तुमचं नाव कुठंच येत नाही?”

“नाव कशाला? नाव घालतो म्हटलं तर उद्या वावर दुसऱ्याला देतील.”

या एका वाक्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. मराठवाड्याला लागू झालेला हैदराबाद कुळवहिवाटीचा कायदा 1950 चा. पश्चिम महाराष्ट्रातला कूळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 ला तिथे कसणारा मालक मानला गेला. ज्याचं नाव पीकपाहणीत कसणारा म्हणून लागलं, त्याच्या हाती कूळ असल्याचा पुरावा आला. त्यातून लाखो कुटुंबांना जमीन मिळाली, ते ऋण मोठं आहे. पण तेव्हापासून जमीनदार घरांनी एक धडा कायमचा गिरवला: दुसऱ्याचं नाव बारा नंबरला लागू द्यायचं नाही. पुढे नियमांनीही तलाठ्याच्या हातून ते काढून घेतलं. मालकाखेरीज दुसरा कुणी कसत असेल तर त्याची नोंद तहसीलदाराच्या चौकशीशिवाय होत नाही. वहिवाटीच्या भांडणांत खोट्या नोंदी होऊ नयेत हा त्यामागचा हेतू. परिणाम असा की बटईदार कागदावरून पुसला गेला, आणि बटई मात्र वाढत राहिली.

चावडीतल्या मऊ रकान्यातही त्याचं नाव नव्हतंच. पण कोतवालाला ते माहीत होतं, आणि पंचनाम्याच्या वेळी, मदत वाटपाच्या वेळी, मालकाला चार शब्द सांगणारं कुणीतरी गावात होतं. नवीन रचनेत सगळं अचूक आहे. गट अचूक, फोटो अचूक, वेळ अचूक. शेतात कोण उभं होतं हे त्या फोनला ठाऊक आहे, आणि नोंदीत त्यासाठी जागा नाही. इतक्या काटेकोरपणे कष्टकऱ्याला वगळणारा कागद आपल्याकडे पूर्वी नव्हता, आणि हे मला फार अस्वस्थ करतं.

आंध्र प्रदेशाने यावर एक प्रयोग केला आहे. तिथल्या 2019 च्या पीक कसणाऱ्यांच्या हक्कांच्या कायद्यात 11 महिन्यांचा करार आहे. मालकाच्या हक्काला धक्का न लावता, कसणाऱ्याला त्या काळापुरतं कार्ड मिळतं, त्यावर कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळू शकते. कल्पना नेमकी आहे: पिकावरचा हक्क आणि जमिनीवरचा हक्क वेगळे करायचे. पण कार्डासाठी मालकाची सही लागते, आणि मालक सही द्यायला बिचकतो. जी भीती दूर करायला कायदा केला, तीच भीती कायद्याच्या पहिल्या पायरीवर बसली आहे. नीती आयोगाने 2016 मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला, त्याचाही रोख याच गाठीकडे होता.

मला वाटतं आपण कायद्यापासून सुरुवात करू नये. एक तालुका, एक खरीप, आणि ॲपमध्ये एकच नवीन खूण: ‘प्रत्यक्ष पेरणी केलेली व्यक्ती’. ऐच्छिक. तिच्यावर कोणताही पैसा पहिल्या वर्षी जोडायचा नाही. डबे जोडण्याची घाई काय करते ते आपण पाहिलं आहे. हंगाम संपला की खूण आपोआप जाते आणि कूळहक्काचा पुरावा म्हणून ती कुठेही चालणार नाही, हे शासनाने लेखी सांगायचं, आणि तेच वाक्य मालकाच्या फोनवर संदेश म्हणून जायचं. तालुका निवडताना बटई जास्त आहे असा निवडायचा, आणि तिथल्या तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायचं. कुणाचं कुठे अडेल हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

हंगामाअखेर किती खुणा झाल्या, हा आकडा वर पाठवला जाईल, पाठवू द्यावा. मी मात्र आधी दुसरी यादी मागेन: ज्यांनी खूण केली आणि 48 तासांच्या आत काढून टाकली. त्या गटांचे क्रमांक घेऊन पहिल्यांदा त्यांच्या बांधांवर जायचं आणि विचारायचं, मधल्या दोन दिवसांत फोन कुणाचा आला होता.